ध्वनिचित्रफितींचे अंकीय रूपांतर : आधी गाळणी, मग नमुना

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील असंख्य मुलाखती, मैफली आणि वृत्तांकने दूरचित्रवाणी संग्रहांत बीटाकॅम फितींवर जतन केलेली आहेत. सोनी कंपनीने १९८२ मध्ये बीटाकॅम आणि १९८६ मध्ये बीटाकॅम एसपी ही सुधारित पद्धत आणली. या फिती वाचणारी यंत्रे आता दुर्मिळ होत आहेत. त्यामुळे अनेक फितींना अंकीय रूपांतराची एकच संधी मिळणार आहे.

बीटाकॅममध्ये चित्राची उजळता आणि रंगाची माहिती देणारे दोन फरक-संकेत स्वतंत्र ठेवले जातात. यालाच कंपोनंट पद्धत म्हणतात. पाल पद्धतीच्या मिश्र संकेतात मात्र रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या उपवाहकाद्वारे उजळतेत मिसळलेला असतो. तो पुन्हा वेगळा करताना बारीक रेघांच्या साडीवर इंद्रधनुषी झळाळी उमटते. म्हणून रूपांतरासाठी यंत्रातून तीन तारांचा कंपोनंट संकेतच घेणे इष्ट ठरते.

१९८२ मध्ये संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारस क्रमांक ६०१ नुसार उजळतेचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख, तर प्रत्येक रंगफरकाचे त्याच्या निम्मे नमुने घेतले जातात. प्रत्येक दृश्य ओळीवर उजळतेचे ७२० नमुने येतात. नमुन्यांच्या गतीच्या निम्म्यापेक्षा कमी असलेल्या वारंवारताच अचूक नोंदवता येतात. उजळतेसाठी ही सीमा ६.७५ मेगाहर्ट्झ आहे. तिच्या पलीकडचा ८ मेगाहर्ट्झचा संकेत ५.५ मेगाहर्ट्झचे सोंग घेऊन चित्रात शिरतो. चित्रपटात टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, ती याच कारणाने.

जुन्या फितीवर इतक्या वरच्या वारंवारतेचा तपशील फारसा नसतो, मग गाळणीची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. मात्र तेथे विद्युत गोंगाट असतो. गाळणी नसेल तर तो दुमडून दृश्य भागात येतो आणि चित्रावर मुंग्या वळवळल्यासारखा भास होतो. संगणकावर चित्र संकोचित करताना हा गोंगाट जागाही व्यापतो.

म्हणून नमुने घेण्यापूर्वीच फिल्टर आवश्यक असतो. उजळतेचा फिल्टर सुमारे ५.७५ मेगाहर्ट्झपर्यंत सपाट असावा व त्यानंतर वेगाने उतरावा. परंतु विद्युत घटकांचा फार तीव्र फिल्टर वेगवेगळ्या वारंवारतांना कमी-अधिक विलंब लावतो. त्यामुळे वस्तूंच्या कडांलगत पुसट रेषा दिसतात. यावर उपाय म्हणजे प्रथम सौम्य फिल्टर लावून २७ किंवा ५४ मेगाहर्ट्झ गतीने नमुने घेणे, आणि तीव्र गाळणी अंकीय गणिताने करून नमुने कमी करणे. तिन्ही मार्गांचा विलंबही जुळवावा लागतो. अन्यथा कपाळावरील कुंकवाचा रंग बाजूला सरकलेला दिसतो.

रूपांतरापूर्वी टाइम बेस करेक्टरने ओळींची थरथर काढावी. फितीच्या आरंभीच्या रंगपट्ट्यांवरून पातळीही निश्चित करावी. ८ बिट मोजणीत काळा १६ वर व पांढरा २३५ वर असतो. १० बिट मोजणीत पायऱ्या चौपट सूक्ष्म होतात.

रंग सुधारणे किंवा उरलेला गोंगाट कमी करणे ही कामे मूळ अंकीय प्रतीला धक्का न लावता पुढे केव्हाही करता येतात. दुमडून आलेली वारंवारता मात्र खऱ्या तपशिलात मिसळून जाते आणि नंतर तिला वेगळे ओळखण्याची खूण उरत नाही.