वाहनाचे दिवे आणि कायदा

वाहनाचा दिवा आपल्याला वाट दाखवितो, तशीच इतरांना आपली वर्दीही देतो. पुढे पांढरा व मागे तांबडा, हा संकेत पाळला गेला तरच अंधारात वाहन येत आहे की जात आहे, हे कळते. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढे तांबडा दिवा लावण्यास मनाई केली आहे. मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असेही सांगितले आहे.

हौसेने त्या दिव्यावर काळी फिल्म चिकटविली, की हे अंतर घटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा मनुष्य १५५ मीटर सुमारे ९ सेकंदांत कापतो. दिवा ५० मीटरवरूनच दिसला, तर त्याच्या हाती अवघे ३ सेकंद उरतात. तेवढ्यात त्याने गाडी आवरावी कशी?

१९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम कारखानदाराने ठरविलेल्या, नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावले. तेव्हा फुटलेला दिवा मूळ रंगाचा व शक्तीचाच बसवावा, काच स्वच्छ ठेवावी, आणि घरातील तरुणांच्या हाती किल्ली देताना एवढे अवश्य सांगावे.