‘ढिली’ की ‘झिजलेली’? : मोटारसायकलीच्या साखळीचा निवाडा

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिंतूर तालुक्यातील बोरी हे गाव लागते. भोवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात या मातीचा चिखल चाकांना धरून बसतो आणि उन्हाळ्यात तिचीच धूळ होऊन वाहनांच्या सांध्यासांध्यांत शिरते. शेत, बाजार, दवाखाना, तालुक्याची कचेरी या साऱ्यांसाठी अशा गावातील माणसाचा भरवसा मोटारसायकलीवर असतो, आणि त्या मोटारसायकलीवर बहुधा दोन माणसे व मागे एखादे पोते असते. इंजिनाची सारी शक्ती मागच्या चाकापर्यंत नेणारी वस्तू म्हणजे साखळी. तिच्याविषयीचा निवाडा गॅरेजपुढे उभ्याउभ्याच होतो. “मिस्तरी, चेन लई वाजायली,” असे गाडीवाला सांगतो आणि “ढिली झालीय, आवळून देतो” किंवा “वाढलीय, कडी काढू” असे उत्तर मिळते. ‘वाजायली’ हे मराठवाडी क्रियारूप अभ्यासकांच्या परिचयाचे आहे; प्रस्तुत लेखाचा विषय मात्र उत्तरातील दोन क्रिया हा आहे. ‘ढिली होणे’ आणि ‘वाढणे’ या दोहोंनी साखळीची जी अवस्था सांगितली जाते, ती पुष्कळदा वस्तुतः तिसरीच असते. ती म्हणजे ‘झिजणे’. शब्दाची ही चूक शब्दापाशी थांबत नाही. उपाय शब्दावरून ठरतो, आणि चुकीच्या उपायाची किंमत कधी पैशांत तर कधी हाडांत मोजावी लागते.

प्रथम साखळीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टर येथे जिचे पेटंट घेतले, ती बुश व रोलर असलेली साखळीच मूळ तत्त्व कायम ठेवून आजच्या मोटारसायकलीवर धावते. तिच्यात दोन प्रकारच्या कड्या एकाआड एक येतात. आतल्या कडीत दोन पत्त्यांमध्ये दोन पोकळ नळ्या, म्हणजे बुश, घट्ट बसविलेल्या असतात व त्यांवर रोलर सैल फिरतात. बाहेरच्या कडीतील दोन पिना या नळ्यांतून आरपार जातात. कडी वळते तेव्हा पिन बुशाच्या आत फिरते. साखळीचे सारे आयुष्य या आतल्या, डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या घर्षणात सरते.

हे घर्षण किती घडते याचा एक अंदाज करता येईल. समजा, पुढच्या चक्राला १४ व मागच्या चक्राला ४२ दाते आहेत आणि साखळीत १०० सांधे आहेत. मागचे चाक एका किलोमीटरात सुमारे ५४० फेरे घेते. दर फेऱ्याला साखळी ४२ सांध्यांनी पुढे सरकते, म्हणजे किलोमीटरभरात ती स्वतःभोवती सव्वादोनशेहून अधिक वेळा फिरते. प्रत्येक आवर्तनात प्रत्येक सांधा चार वेळा वळतो : दोन्ही चक्रांवर चढताना एकेकदा आणि उतरताना एकेकदा. किलोमीटरमागे ही संख्या सुमारे ९०० भरते आणि तीस किलोमीटरांच्या फेरीत २७,००० होते. त्यात तेलावर बसलेली बारीक धूळ असेल तर पिन व बुश यांच्यामध्ये शाणेचा लेपच तयार होतो. इंजिनातून काढलेले जळके ऑइल साखळीला घालण्याची चाल सर्वत्र आहे. पण त्या ऑइलात धातूचा कीस आधीच मिसळलेला असतो.

येथे ‘वाढली’ या शब्दाचा हिशेब लागतो. साखळीच्या पत्त्या रबराप्रमाणे ताणल्या जात नाहीत. पिनेची एक बाजू आणि बुशाची आतली बाजू केसाकेसाने झिजते व प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक निर्माण होते. या मोकळिकांची बेरीज होऊन साखळीची एकूण लांबी वाढते. लांबी वाढली हे खरे. धातू मात्र वाढलेला नसून कमी झालेला असतो. मराठी ‘झिजणे’ हे क्रियापद संस्कृत ‘क्षीयते’ पासून प्राकृत ‘झिज्जइ’ या मार्गाने आले आहे, आणि ‘क्षय’ हा शब्दही त्याच धातूचा आहे. सहाणेवर खोड झिजते, पायातली वहाण झिजते. या सर्व प्रयोगांत गेलेले परत येत नाही, हा अर्थ अंगभूत आहे. ‘ढिली’ या विशेषणात तो नाही. जे ढिले झाले ते पुन्हा आवळता येते. ‘वाढली’ हा शब्द तर त्याहून फसवा ठरतो, कारण वाढलेल्या वस्तूवर छाटणे हा सहज सुचणारा उपाय आहे. कडी काढण्याची रीत ही या शब्दाचीच संतती म्हणावयास हरकत नाही. कडी काढल्याने साखळी आखूड होते, तिचे सांधे मात्र होते तितकेच खिळखिळे राहतात.

ढिलाईची परीक्षा वेगळी आणि झिजेची वेगळी, हे एकदा मान्य केले म्हणजे पुढचे काम सोपे होते. ढिलाई पाहण्यासाठी इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि साखळीच्या खालच्या पदराच्या मध्यावर बोट लावून ती वरखाली किती हलते ते पाहावे. लहान मोटारसायकलींत हे अंतर सामान्यतः २० ते ३० मिलिमीटरांच्या आसपास असावे लागते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. कारागीर ‘एक बोट ढील’ म्हणतात ते माप या मर्यादेपासून फार दूर नाही. ही ढिलाई म्हणजे दोष नव्हे. मागचे चाक खड्ड्यात वरखाली होते तेव्हा दोन्ही चक्रांमधील अंतर बदलते, आणि पुढचे चक्र, मागच्या दांड्याची खीळ व चाकाचा आस एका रेषेत आले की साखळी सर्वांत जास्त ताणली जाते. तेवढी सवड आधी ठेवलेली नसेल तर तो ताण गिअरपेटीच्या व चाकाच्या बेअरिंगांवर पडतो. ‘वाजते म्हणून कसून आवळा’ हा हट्ट म्हणूनच महागात पडतो.

मागचे चाक हाताने थोडे थोडे फिरवीत हे माप चार-पाच ठिकाणी घेतले पाहिजे. (चालू इंजिनावर, गिअरमध्ये टाकलेल्या गाडीची साखळी फडक्याने पुसण्याच्या सवयीने बोटे गमावली जातात, एवढे येथेच नमूद करणे भाग आहे.) सर्वत्र माप सारखे असेल तर साखळी निव्वळ ढिली असण्याचा संभव आहे. एके ठिकाणी ती ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल तर काही सांधे गंजून आखडले आहेत किंवा झीज असमान झाली आहे असे समजावे. लोंबत्या जागेवर माप धरून आवळणारा ताठ जागेवर साखळीचा जीव घेतो. म्हणून समायोजन नेहमी सर्वांत ताठ जागेवर करावयाचे असते. तेल देऊनही आखडलेले सांधे मोकळे होत नसतील, तर त्या साखळीचा निकाल लागला असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

झिजेच्या परीक्षेत बोटाचे माप निरुपयोगी ठरते. तेथे पट्टी हवी, पण शाळकरी मुलाच्या दप्तरातील ३० सेंटिमीटरांची पट्टी पुरते. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारसायकलींवर ४२८ या क्रमांकाची साखळी असते. तिच्या एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच असते. साखळी ताणून धरून २१ पिना मोजल्या की त्यांत २० अंतरे येतात. नव्या साखळीत ही लांबी २५४ मिलिमीटर, म्हणजे दहा इंच भरते. तीच २५९ मिलिमीटरांपर्यंत गेली की वाढ दोन टक्क्यांची झाली आणि साखळी बदलण्याची वेळ आली. निरनिराळ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत ही मर्यादा थोडी मागेपुढे असते; परंतु दोन टक्क्यांपलीकडे कोणी जाऊ नये हे बरे. पाच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी. एवढ्याने काय होते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. आतल्या कडीतील दोन रोलरांमधले अंतर बुश पक्के असल्यामुळे बदलत नाही. सगळी वाढ बाहेरच्या कड्यांच्या वाट्याला येते. दोन टक्क्यांच्या झिजेत प्रत्येक बाहेरची कडी अर्ध्या मिलिमीटराने लांबते. चक्राचे दाते मात्र १२.७ च्याच हिशेबाने कापलेले असतात. परिणामी रोलर दात्यांच्या मधल्या खोबणीत न बसता दात्याच्या उतारावर चढू लागतो.

यावरूनच पट्टीवाचूनची एक परीक्षा निघते. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाशी साखळीची एक कडी चिमटीत धरून मागे ओढावी. चांगली साखळी दात्यांना बिलगून राहते. ओढल्यावर दात्याचा निम्मा भाग उघडा दिसू लागला, तर मोजण्याचेही कारण उरत नाही. अनेक मोटारसायकलींवर साखळी पत्र्याच्या पेटीत पूर्ण झाकलेली असते आणि रबरी बुचाच्या छिद्रातून केवळ ढिलाई पाहता येते. ढिलाई दिसते व झीज दिसत नाही, या सोयीनेही ‘ढिली’ हा शब्द रूढ होण्यास हातभार लावला असावा. वर्षातून एकदोनदा ही पेटी उघडलीच पाहिजे.

पेटी उघडल्यावर चक्रेही पाहावीत. मराठीत मुखातला तो ‘दात’ आणि करवतीचा, फणीचा किंवा चक्राचा तो ‘दाता’ असा चांगला भेद आहे. गॅरेजात तो बहुधा पुसला गेला असून ‘स्पॉकेटचे दात गेले’ असे म्हटले जाते. नव्या चक्राचा दाता दोन्ही बाजूंनी सारखा उतरता असतो. झिजलेला दाता एका बाजूने कोरला जाऊन विळ्याच्या टोकासारखा वाकडा व अणकुचीदार दिसतो. दात्यांच्या फक्त बाजूच घासल्या असतील तर दोष झिजेचा नसून दोन चक्रे एका रेषेत नसल्याचा आहे; आस दोन्हीकडे सारख्या खुणेवर नाही, असा त्याचा अर्थ. वरच्या उदाहरणातील १४ दात्यांच्या पुढच्या चक्राला मागच्यापेक्षा तिप्पट फेरे घ्यावे लागतात, म्हणून त्याचा प्रत्येक दाता तिप्पट वेळा मार खातो. ते लहान चक्र झाकणाआड असल्यामुळे बहुधा कोणी पाहत नाही, आणि आधी तेच जाते.

साखळी व दोन्ही चक्रे एकदमच बदलावीत, हा सल्ला पुष्कळांना दुकानदाराचा डाव वाटतो. तीन वस्तूंपैकी एकच घेतली तर तेवढे पैसे वाचतात हे उघड आहे, आणि हंगामाच्या आधी हातात पैसा नसताना ते वाचविण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु झिजलेली साखळी आणि तिचे चक्र एकमेकांच्या मापाने बिघडलेले असतात. नवी साखळी अशा चक्रावर चढविली की तिचे रोलर कोरलेल्या दात्यांत नीट बसत नाहीत, सगळा भार दोनचार दात्यांवर येतो आणि नवी साखळीही लवकरच जुनीच्या अवस्थेला पोचते. नव्या चक्रांवर जुनी साखळी चढविल्यास ती नवे दाते खाते. चक्रे खरोखर निर्दोष असतील, दाते समान उतारांचे असतील, तर साखळी एकटी बदलण्यास हरकत नाही. पण मुदत संपेपर्यंत वापरलेल्या साखळीखाली अशी चक्रे क्वचितच सापडतात.

या प्रश्नात आणखी एक जुना संस्कार आड येतो. व्हेस्पा किंवा बजाज चेतक यांसारख्या जुन्या स्कूटरांना साखळी नव्हतीच. खेड्यात साखळीची ओळख झाली ती सायकलीमुळे, आणि ‘चेन पडली’, ‘चेन उतरली’ हे प्रयोगही तेथूनच आले. सायकलीच्या साखळीचे अंतरसुद्धा अर्धा इंचच असते. मात्र सायकलीची चेन उतरली तर उतरून, बोटे काळी करून ती चढविली की काम भागते. धावत्या मोटारसायकलीची साखळी उतरून चक्र आणि चाक यांच्यात अडकली तर मागचे चाक जागच्या जागी जखडते; तुटली तर तिचे टोक इंजिनाची पेटी फोडू शकते. ‘उतरली’ हा निरुपद्रवी शब्द दोन्ही प्रसंगांना सारखाच लावला जातो, म्हणून दुसऱ्याचे भय पहिल्याइतकेच राहते. गाडी ओढताना साखळी दात्यावरून घसरून ‘खट्’ असा आवाज करू लागली, तर ती त्या दिवसापुरतीही विश्वासाची उरली नाही असे समजले पाहिजे. नुसती खडखड ही ढिलाईची किंवा कोरडेपणाची असू शकते. ती ९० नंबरचे गिअर ऑइल आणि योग्य समायोजन यांनी थांबली तर चिंतेचे कारण नाही. थांबून पुन्हा आठवड्यात सुरू झाली, किंवा आवळण्याचे बोल्ट शेवटच्या खुणेला जाऊन टेकले, तर मात्र पट्टी हाती घ्यावी.

नवा संच बसविताना जोडकडीच्या चिमट्याचे बंद टोक साखळीच्या जाण्याच्या दिशेला येईल असे पाहावे. उलटा बसविलेला चिमटा कशाला तरी अडकून निसटू शकतो. पहिल्या काहीशे किलोमीटरांत नवी साखळीसुद्धा थोडी सैलावते, कारण तिचे सांधे आपापल्या जागी बसत असतात. पाचशे किलोमीटरांच्या आत गॅरेजात एक फेरी करून ती आवळून घ्यावी. त्या वेळी कारागिराने “ढिली झालीय” असे सांगितले, तर तो शब्द बरोबर आहे.