एक झूम पुरे, की लेन्सचा संच हवा?

करमाड : नवा कॅमेरा घेणाऱ्यांचा खरा गोंधळ कॅमेऱ्यापेक्षा लेन्सच्या निवडीत होतो. विस्तीर्ण दृश्यापासून दूरच्या पक्ष्यापर्यंत सारे टिपणारी एकच झूम लेन्स घ्यावी, की प्रत्येक कामासाठी स्वतंत्र लेन्स जमवाव्यात? पहिला पर्याय सुटसुटीत, तर दुसरा खर्चिक आहे. चुकीच्या निवडीचा फटका मात्र पैशांपुरता मर्यादित राहत नाही, कारण हुकलेला क्षण पुन्हा टिपता येत नाही.

छत्रपती संभाजीनगर-जालना रस्त्यावरील करमाडच्या छायाचित्रकाराचे उदाहरण घेतले, तर हा प्रश्न स्पष्ट होतो. लग्नसराईतील कामे त्याच्या घराजवळ असतात. वेरूळ, अजिंठा आणि पैठणचा नाथसागर ही तिन्ही ठिकाणे एकेका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात येतात. या प्रत्येक ठिकाणी लेन्सकडून असणारी अपेक्षा वेगळी असते.

एकाच लेन्सची सोय

टॅमरॉन कंपनीने १९९२ मध्ये २८-२०० मिमीची लेन्स बाजारात आणली आणि हौशी छायाचित्रकारांची मोठीच सोय झाली. निकॉनची १८-२०० मिमी लेन्स २००५ मध्ये, तर टॅमरॉनची १८-४०० मिमी लेन्स २०१७ मध्ये आली. सातपट झूमपासून बावीसपटीपर्यंतचा हा प्रवास आहे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात उभे राहून अखंड मंदिर चौकटीत बसवायचे आणि पुढच्याच क्षणी शिखरावरील शिल्प जवळ आणायचे, हे काम अशी लेन्स जागेवरून न हलता करते.

धुळीच्या दृष्टीनेही ती सोयीची ठरते. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड उघडे पडते आणि आतील सेन्सरवर धूळ बसते. उन्हाळ्यात मराठवाड्यातील रस्त्याकडेला किंवा शेताच्या बांधावर हा धोका अधिक असतो. लेन्स बदलणे भागच असेल, तर कॅमेरा बंद करून त्याचे तोंड खाली ठेवावे आणि वाऱ्याकडे पाठ करावी.

प्रकाशाचे गणित

या सोयीची किंमत प्रकाशात मोजावी लागते. लेन्सचे छिद्र किती उघडते, हे 'एफ' या आकड्यावरून कळते. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. बहुतेक मोठ्या पल्ल्याच्या झूम लेन्स लांब टोकाला एफ/५.६ किंवा एफ/६.३ पर्यंतच उघडतात. ५० मिमीची साधी, झूम नसलेली लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. एफ/५.६ च्या तुलनेत ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते. म्हणजेच पहिलीला जेथे एक दशांश सेकंद लागतो, तेथे दुसरीला एक शतांश सेकंद पुरतो.

मंडपातील मंद दिव्यांत हळद लावणारा हात एक दशांश सेकंद स्थिर राहत नाही. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषून घेते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवू शकत नाही. कॅमेऱ्याची संवेदनशीलता, अर्थात आयएसओ, वाढवता येते. नव्या कॅमेऱ्यांत ती बरीच वाढवूनही चित्र चांगले येते. तरीही एका मर्यादेनंतर चित्रात दाणे दिसू लागतात.

अजिंठ्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. बिनॉय के. बेहल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील चित्रे अत्यंत मंद प्रकाशात दीर्घ काळ छिद्र उघडे ठेवून टिपली. सामान्य पर्यटकाजवळ ना तितका वेळ असतो, ना तिपाई. त्याला मोठ्या छिद्राच्या लेन्सचाच आधार उरतो. अर्थात, छायाचित्रणाचे प्रचलित नियम प्रवेशद्वारापाशी विचारून घेणे श्रेयस्कर. अजिंठा सोमवारी, तर वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही ध्यानात ठेवावे.

अंतराचे गणित

हिवाळ्यात नाथसागरावर येणारे रोहित पक्षी काठापासून दूर उतरतात. तेथे २०० मिमी अपुरी पडते, ४०० मिमी किंवा त्याहून अधिक लांबी लागते. परंतु भर उन्हात एफ/६.३ ही उणीव ठरत नाही. त्यामुळे येथे झूम लेन्स आपले काम चोख बजावते.

निवड कशी करावी?

आपल्या जुन्या छायाचित्रांची माहिती संगणकावर तपासावी. प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत लेन्सची लांबी, छिद्र आणि वेग यांची नोंद सहसा साठवलेली असते. किती चित्रे हलली आणि ती दिवसा की रात्री टिपलेली होती, याचा हिशेब केला की आपली खरी गरज समजते.

बहुतेक चित्रे उजेडात आणि प्रवासात टिपणाऱ्यास एक झूम पुरेशी आहे. घरगुती समारंभ, लेणी, संध्याकाळ यांत रमणाऱ्याने तिच्या जोडीला ३५ किंवा ५० मिमीची एफ/१.८ लेन्स घ्यावी. ५० मिमीची लेन्स तर बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी असते. पक्ष्यांसाठीची लांब लेन्स महाग पडते. ती आधी भाड्याने वापरून पाहणे शहाणपणाचे.

लग्नाची कामे घेणाऱ्याने मात्र एकाच झूमवर विसंबू नये. रोहित पक्षी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येण्याची आशा असते. एखाद्या घरातील हळद पुन्हा लागत नाही.