विरळ हवेतले इंजिन

सरस्वतीपुरमच्या झाडीभरल्या रस्त्यांवरून कुक्करहळ्ळीच्या तळ्याकडे फिरावयास जाणाऱ्या मनुष्यास आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास उंचीवर वावरत आहोत याची जाणीव सहसा होत नाही. परंतु याच म्हैसूर शहराच्या दक्षिणेस, मंडकळ्ळीच्या धावपट्टीवरून उडू पाहणाऱ्या छोट्या विमानाच्या इंजिनास मात्र ती पहिल्याच क्षणी होते. उन्हाळ्यातील दुपारी पारा तेहतीस अंशांवर गेला म्हणजे येथील हवा प्रमाण वातावरणातील सोळाशे मीटरांवरील हवेइतकी विरळ होते, आणि समुद्रकाठी शंभर अश्वशक्ती देणारे साधे पिस्टन इंजिन त्यांपैकी पंधराएक अश्वशक्ती मुकाट्याने गमावून बसते. इंधन हवे तितके देता येते; प्राणवायू मात्र वातावरण देईल तितकाच.

या अडचणीवरचा तोडगा विमानविद्येइतकाच जुना आहे. इंजिनाच्या नळीतून जो तप्त वायू वाया जातो, त्याच्याच जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरावी, ही टर्बोचार्जरची, थोडक्यात टर्बोची, कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली पेटंटात नोंदविली. पुढे 1918 साली अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी इंजिन पाइक्स पीक पर्वताच्या चौदा हजार फुटांवरील माथ्यावर नेऊन तिची परीक्षा घेतली.

म्हैसूर संस्थानचा विमानांशी संबंध तसा जुना. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1940 च्या डिसेंबरात बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला, तेव्हा दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने दरबारने जमीनही दिली आणि भांडवलात भागीदारीही घेतली. याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी, ज्यांचे अध्ययन गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली झाले होते, एचटी-2 हे शिकाऊ वैमानिकांचे विमान रचिले व ते 1951 च्या ऑगस्टात आकाशात गेले. विमानाची रचना देशी असली तरी त्यातील 155 अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन विलायती होते.

तीच रीत बंगळूरच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘हंसा’ या दोन आसनी विमानातही दिसते. 1993 च्या नोव्हेंबरात प्रथम उडालेल्या आणि 2000 साली नागरी विमानन महासंचालनालयाची मान्यता मिळालेल्या या विमानाचे संमिश्र द्रव्याचे अंग येथे घडले. हंसा-3 चे रोटॅक्स 914 हे टर्बोचार्ज इंजिन मात्र ऑस्ट्रियातील गुन्सकिर्खेनहून आले. समोरासमोर मांडलेले चार सिलिंडर, 1211 घन सेंटिमीटरांचे घनमान, पाण्याने थंड होणारी शिरे आणि हवेने थंड होणारी अंगे, अशी त्याची ठेवण आहे. घनमान इतके लहान असूनही उड्डाणास 115 आणि नंतर अखंड 100 अश्वशक्ती ते देते, आणि ही अखंड शक्ती सुमारे सोळा हजार फुटांपर्यंत टिकवून धरते. टर्बोची खरी कमाई या टिकवून धरण्यात आहे. वर मिळालेली पंधरा अश्वशक्ती ही तिच्यापुढे किरकोळ बाब होय.

ही कमाई फुकटची नाही. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत इंधन अकाली भडकण्याचे भय असते. म्हणून या इंजिनात दाबाचे गुणोत्तर मुळातच 9 वर ठेविले आहे, तर त्याच घराण्यातील टर्बोविरहित 912 आयएस मध्ये ते 10.8 आहे. जादा वायू चक्राला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप वैमानिकाच्या हाती नसते. एक विद्युत् नियंत्रक हवापेटीतील दाब पाहून ती उघडतो व मिटतो. थ्रॉटलचा दांडा शंभर टक्क्यांच्या खुणेपलीकडे रेटला की पाच मिनिटांची मुदत सुरू होते. ती उलटली म्हणजे फलकावरील तांबडा दिवा लुकलुकू लागतो, आणि दाबाची मर्यादाच ओलांडली तर तो अखंड जळतो. उतरल्यावरही इंजिन तडक बंद करावयाचे नाही. टर्बोचे तापलेले अंग निवेपर्यंत त्यास थोडा वेळ मंद गतीने चालू ठेवावे लागते, अन्यथा त्यातील तेल जळून धारव्यांवर काजळी धरते.

म्हणूनच 3 सप्टेंबर 2021 रोजी प्रथम उडालेल्या नव्या ‘हंसा-एनजी’ मध्ये टर्बोला रजा देऊन 912 आयएस बसविण्यात आले, यास पीछेहाट म्हणणे अन्यायाचे ठरेल. नवशिक्यास धावपट्टीभोवती घिरट्या घालावयाच्या असतात. त्यास सोळा हजार फुटांवरील शक्तीपेक्षा कमी बंधनांचे आणि सोप्या देखभालीचे इंजिन अधिक उपयोगाचे. म्हैसूरचे पठार आपले येणे वसूल करतेच, पण ते धावपट्टीची लांबी व भाराचा हिशेब पाहून चुकते करता येते.

ज्या विमानाला तासन्‌तास उंचावर राहावयाचे असते, त्याचा हिशेब वेगळा. अमेरिकेच्या मानवरहित ‘प्रिडेटर’ विमानाने हेच 914 इंजिन पत्करिले ते उगाच नव्हे. आपल्याकडेही मानवरहित विमानांसाठी 180 अश्वशक्तीच्या देशी पिस्टन इंजिनाचे काम अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास संस्थेने हाती घेतले. घाटग्यांच्या पिढीने विमानाचे अंग आपले केले. इंजिन आपले करण्याचे, अंगाहून पुष्कळ अवघड असे, काम पुढच्या पिढीकडे आले आहे, आणि त्याची कसोटी अश्वशक्तीच्या आकड्यावर न होता ती शक्ती विरळ हवेत किती तास टिकते यावर व्हावयाची आहे.