उतारावरचा गारठा, उजनीचा गुलाबी

डिसेंबरात पहाटे पुण्याहून मोटरसायकलने भिगवणला निघालात, तर एक गोष्ट हमखास जाणवते. रस्ता ओढ्याच्या पुलाकडे उतरला की गारठा एकदम वाढतो आणि चढ लागला की जरा ऊब वाटते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते. तिच्यालगतची हवा थंड, म्हणून जड होते आणि सखल भागात साचते. त्यात गाडीचा वेग. त्वचेलगतचा उबदार हवेचा पातळ थर वारा उडवून लावतो. हवा १० अंश आणि वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर अंगाला सुमारे ५ अंशांची थंडी बोचते. हातमोजे हवेतच!

पण ही पहाट चुकवू नका. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी चोच उलटी बुडवून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खात असतात. त्या खाण्यातल्या रंगद्रव्यांनीच त्यांचे पंख गुलाबी होतात. कोवळ्या, तिरप्या उन्हातला बराचसा निळा प्रकाश वाटेतच हवेत विखुरतो, म्हणून तो गुलाबी आणखी खुलतो. फोटोची खरी वेळ हीच, असं माझं ठाम मत आहे. नाव अगदी जवळ न्यायचा आग्रह मात्र नावाड्याला करू नये. थवा उडाला की पाखरांचं खाणं थांबतं.