चेंडूफेक व खांद्याचें हाड

कोपर खांद्याइतकें उंच धरून आपण पंजा मागें नेला, तर तो कांहीं अंतरावर थांबतो. बेसबॉलच्या खेळांत चेंडू फेकणाऱ्या गड्याचा उजवा पंजा डाव्याहून बराच मागें जातो. पुढें मात्र तितकाच कमी वळतो. हा केवळ स्नायूंचा गुण नव्हे. त्याचें मूळ हाडांत आहे.

जन्मतः दंडाच्या हाडाचें डोकें मागें वळलेलें असतें. वयाबरोबर हा पीळ हळूहळू उलगडतो. परंतु लहानपणापासून जोरानें चेंडू फेकणाऱ्या हातांत तो पुरता उलगडत नाहीं. दंडाचें हाड मुख्यत्वें खांद्याजवळील कूर्चेंतून वाढतें; मुलग्यांत ही कूर्चा बहुधा १६ ते २० वर्षांच्या दरम्यान पक्की होते. तोंवर हाड खेळाप्रमाणें घडतें, आणि अतिरेक झाल्यास तेथेंच दुखावतेंही. म्हणून अमेरिकेंत २०१४ सालीं ९-१० वर्षांच्या मुलांस दिवसास ७५ चेंडूंची मर्यादा सुचविण्यांत आली.

क्रिकेटमध्यें सीमेवरून चेंडू फेकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनींही हें ध्यानांत ठेवावें. खांदा दुखूं लागल्यास तें लपवूं नये. व पालकांनीं त्यास आळस न समजतां मुलास विश्रांति द्यावी, वैद्यास दाखवावें, अशी आमची विनंती आहे.