सुखाच्या पलीकडचा आनंद : पंडिता रमाबाईंची साक्ष

तोआ पायोहच्या मध्यवर्ती भागात, गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींच्या शेजारी एक कॅथलिक चर्च आहे. या नव्या वसाहतीसाठी १९७१ साली ते सुरू झाले. त्याचे नाव 'चर्च ऑफ द रायझन क्राइस्ट', म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्ताचे चर्च. संकटातही आनंद कसा शक्य आहे, या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर या नावातच आहे. पुनरुत्थान क्रुसानंतर येते. क्रूस टाळून तेथे पोहोचता येत नाही.

या उत्तराचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. दुःख मुळात चांगले असते किंवा श्रद्धावंताने अश्रू ढाळू नयेत, असे हा धर्म सांगत नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. त्यांत भक्त देवाला उघड जाब विचारतो. दुसरीकडे, पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र बंदिवासातून लिहिलेले असूनही त्यात आनंदाचा उल्लेख वारंवार येतो. सुख परिस्थितीवर अवलंबून असते. हा आनंद मात्र दुःखातही देवाने आपला हात सोडलेला नाही या भरवशावर उभा असतो.

मराठी वाचकाला हा भेद समजून घेण्यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुरेसे आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात गेली. १८८० साली भाऊ गेला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ साली, पतीचे निधन झाले आणि तान्ह्या मनोरमेसह त्या एकट्या राहिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परंतु बाप्तिस्म्याबरोबर आनंद चालून आला नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवेदनात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ती अंतरीची शांती लाभायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. या निवेदनाच्या इंग्रजी शीर्षकात त्यांनी आपल्या श्रद्धेला 'अक्षय ठेवा' म्हटले आहे. ज्यांच्याजवळचे जवळपास सारे काळाने हिरावून नेले होते, त्यांनी हा शब्द निवडावा, हे लक्षणीय आहे.

त्या शांतीनंतरही संकटे थांबली नाहीत. १८९३ साली शारदा सदनात धर्मांतराला उत्तेजन दिले जाते, या आरोपावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या समाजातील विधवांसाठी त्यांनी हे कार्य आरंभले होते, त्याच समाजात त्या परक्या ठरल्या. तरी कार्य थांबले नाही. १८९६ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा दुष्काळाने आपले घर मोडलेले पाहिलेल्या रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावचे मुक्ती सदन वाढले.

येथे या आनंदाची कसोटी दिसते. तो खरा असेल, तर स्वतःच्या जखमेपाशी अडकून राहत नाही. तशीच जखम असलेल्या दुसऱ्याकडे वळतो. सामर्थ्य आधी गोळा करून मग सेवा करायची, असा त्याचा क्रम नसतो. पुष्कळदा सेवा करता करताच सामर्थ्य येत जाते.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना मायदेशातून मध्यरात्री येणाऱ्या फोनची धास्ती ठाऊक आहे. अशा वेळी 'सगळे ठीक होईल' हे आश्वासन पोकळ वाटते. रमाबाईंची श्रद्धा असे आश्वासन देत नव्हती. १९२१ साली, ज्या मनोरमेच्या हाती त्या संस्था सोपवणार होत्या, तीही आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. तेवढ्या काळातही, साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून सोप्या मराठीत हाती घेतलेले बायबलचे भाषांतर त्यांनी सोडले नाही.